शहाण्णव ठोके

म्हापशाच्या बाजारात, केळीवाल्यांच्या रांगेमागे
एकोणचाळीस वर्षे मी भांड्यांवर नावे घालतो.
कळश्या, तपेली, लग्नाच्या आहेराची ताटे.
'यांजकडून सप्रेम भेट' इतक्या वेळा लिहिले
की मनगटाला ते झोपेतही येते.
नाव घालायचे ते दिसावे म्हणून,
भांडे शेजारणीकडे राहिले
तर नाव त्याला हाताला धरून घरी आणते.

मयड्याची जोव्हिता फुर्ताद आली
ती पोलादाची पट्टी घेऊन.
चोवीस शब्द घालायचे, म्हणाली,
आणि पर्समधून यंत्र काढले
माझ्या चुन्याच्या डबीएवढे.
यात पैसे?
यात नाहीत, बाब. यात किल्ली.
हे मोडले, मांडवीत पडले, तर नवे घेता येते.
शब्द गेले तर सगळे गेले.

यंत्र तिने थेट कारखान्याकडून मागवले होते,
कुणाचे वापरलेले नको.
शब्द तिच्यासमोर यंत्रानेच जुळवले;
खोक्यात आयते लिहिलेले आले असते
तर तसेच परत धाडले असते, म्हणाली.
फोटो काढायचा नाही, फोनमध्ये लिहायचे नाहीत,
आणि कागदाचे काय, तो इथल्या दमट हवेत
दोन वर्षांत वाळवीचा.

मग तिने कागद उलगडला
आणि मला वाचून दाखवू लागली.

पहिला शब्द कानात पडला
तशी मी हातोडी खाली ठेवली.
थांब, बाय.
कोणाकच सांगूं नाका म्हणतेस
आणि मी कोण?

ती हसली. मग हसेना.

मी तिला इंग्रजी ठशांची पेटी दिली.
भंगाराच्या तुकड्यावर शिकवले:
ठशावर अक्षर उलटे असते,
सुलटे दिसले तर समज, चुकलीस.
अंगठा दूर. ठोका एकच, पण मनापासून.
आणि तिला पत्र्याच्या आडोशामागे बसवून
रस्त्याकडे तोंड करून बसलो.

डोळे वळवता येतात. कानांचे काय?
चौऱ्याण्णव ठोके.
प्रत्येक शब्दाची पहिली चार अक्षरे पुरतात,
तेवढ्यावरून शब्द कळतो, असे ती मघाशी बोलली होती;
म्हणजे चोवीस चोक शहाण्णव,
म्हणजे दोन शब्द तीनच अक्षरी.
हे मला मोजायचे नव्हते.
धंद्याने मोजले.

दुसऱ्या दिवशी ती परत हजर, नवी पट्टी घेऊन.
पैसे अजून घातले नव्हते तिने.
रात्री यंत्र कोरे केले, नवे चोवीस काढले,
कारण एक शब्द मी ऐकला होता.
माझ्यावर विश्वास नाही?
तुमच्यावर आहे, म्हणून तर इथेच आले.
ऐकलेल्या शब्दावर नाही.

मला राग यायला हवा होता.
मी रेडिओ लावला, मोठ्याने,
नाट्यपदाच्या तानांखाली ती ठोकत राहिली,
किती ते मला ठाऊक नाही.
जुनी पट्टी तिच्यासमोर ग्राइंडरवर धरली;
ठिणग्यांना अक्षरे नसतात.

आठवड्याने आली तेव्हा हातात केळी.
सांगत होती, यंत्र मुद्दाम पुन्हा पुसले,
तेव्हा पोटात गोळा आला,
मग पट्टीवरून एकेक शब्द परत भरला
आणि तोच पत्ता उगवला, शेवटच्या अक्षरापर्यंत.
त्यानंतर घातले पैसे, आधी एका जेवणाएवढे,
संगणकावरचा पत्ता यंत्राच्या पडद्याशी ताडून.
संगणक खोटे बोलू शकतो, म्हणाली.
पट्टी कुठे ठेवलीस, असे तोंडावर आले होते.
मी केळे सोलले.

आज वेर्ण्याच्या लग्नाची एक्कावन्न ताटे आहेत.
विसाव्या ताटाशी मनगट रेंगाळते
आणि तो पहिल्या दिवशीचा शब्द
सुईच्या टोकाशी येऊन उभा राहतो.
आता तो कुठलेच कुलूप उघडत नाही,
रिकामा शब्द, शाळेच्या पुस्तकातला.
तरी मी तो बायकोलाही सांगितलेला नाही.