शेवटचा रकाना

तक्रार एका ओळीची होती:
शेवटचा आकडा उडतो.
खैरनार साहेब फोनवर म्हणाले,
सॉफ्टवेअरला काही झालेलं नाही, बाई विसरतात.

एक्स्लो पॉइंटला रिक्षा सोडली,
अंबडच्या धुळीतून चालत गेले.
शेडमध्ये कूलंटचा आंबूस वास,
काचेच्या केबिनमध्ये जुना संगणक,
कीबोर्डवर ताणून बांधलेली प्लॅस्टिकची पिशवी,
आणि सिंधू गांगुर्डे, पहिली पाळी,
उजव्या हातात मायक्रोमीटर.

माझ्या ऑफिसात, कॉलेज रोडला, तिसऱ्या मजल्यावर,
आकडा एकदाही उडाला नव्हता.
मी भरायचे, एंटर दाबायचे, जतन करायचे,
सगळं जागच्या जागी.
आपणच बांधलेल्या जिन्यावर
आपला पाय कधी चुकत नाही.

म्हटलं, तुम्ही भरा, मी नुसती बघते.
आणि स्क्रीन सोडून हात बघत बसले.

बारा पॉइंट शून्य एक दोन. टॅब.
बारा पॉइंट शून्य शून्य नऊ. टॅब.
दहा पिना, दहा व्यास.
दहाव्याला टॅब नाही, एंटर नाही.
दहाव्यानंतर जायचं कुठे? ओळ तिथेच संपते.
डावा हात पिना ट्रेमध्ये ठेवतोय,
उजवा थेट माउसवर, वरच्या फ्लॉपीच्या चित्रावर.
'सर्व नोंदी जतन झाल्या,' म्हणाली हिरवी पट्टी.
मीच लिहिलेलं वाक्य.
दहावा रकाना रिकामा.

ते बटण फोकस घेत नाही.
तसं मीच ठरवलं होतं चार वर्षांपूर्वी,
त्याच्याभोवतीची ठिपक्यांची चौकट
मला डोळ्यात खुपायची म्हणून.
त्यामुळे रकान्याला कळतच नाही की बाई निघाल्या.
तो कर्सर लुकलुकवत बसतो
आकडा तोंडात धरून,
गिळलेला नाही, थुंकलेला नाही,
आणि तेवढ्यात तक्ता नव्याने भरला जातो
त्याला न विचारता.

"रात्रपाळीचा गोसावी शेवटी
एका मोकळ्या घरात क्लिक करतो," सिंधूताई म्हणाल्या,
"त्याचा नाही उडत. का, ते त्यालाही माहीत नाही.
मीपण तसंच करते महिनाभर.
आज मुद्दाम नाही केलं.
म्हटलं, तुमच्या डोळ्यांसमोर उडू दे एकदा."

एका ओळीचा उपाय:
फोकस सुटला की जे असेल ते पक्कं कर.
दहावा आकडा राहिला. चहा आला.
बशी अजून हातात होती
तोच दिवे मिचकावले,
यूपीएसची पिवळी खिडकी मध्येच उघडली,
आणि 'बारा पॉइंट शून्य' एवढंच टंकून झालेलं असताना
रकान्याने तेवढंच गिळलं.
बारा. नेमके बारा.
मापात बसणारे, हिरवे, निर्दोष.
खरी पिन तेव्हा ट्रेमध्ये चोवीस मायक्रॉन जाड होती.

उडालेला आकडा निदान रिकामी जागा ठेवून जातो.

ओळ खोडली.
निघून जाणं वेगळं,
आणि कोणी हाक मारली म्हणून मान वळवणं वेगळं.
आता फोकस गेला तरी रकाना थांबतो,
अर्धा शब्द तसाच धरून, वाट बघत.
जतनच्या बटणाला मात्र सांगून ठेवलंय:
आधी त्याला विचार, झालं का तुझं,
मग बाकीच्यांची हजेरी घे.
सतरा वेळा करून बघितलं.
दोनदा सिंधूताईंनी माझ्या नकळत यूपीएसची वायर काढली.

दीडच्या सुमारास अहवाल भरायला घेतला.
तारीख, ठिकाण, वेळ.
कारणाच्या रकान्यात टंकता येत नाही, यादीतून निवडायचं:
वापरकर्त्याची चूक.
वीजपुरवठा.
इतर.

वर गेले, खाली आले,
पुन्हा वर.
सिंधूताई मागे उभ्या, डबा उघडत.
"तुमचं नाव नाही का यात?"

यादीही मीच केली होती.