साडेतीन किलोवॅट

मुनीर शिकलगारच्या शेडमध्ये उभी राहून मी सांगते,
पन्नास लिटरचं पातेलं, तीनशेचार स्टील,
तळापासून चार बोटांवर भोक, कॉइल बसेल एवढं.
तो वेल्डिंगचा मुखवटा कपाळावर सरकवतो.
दूध तापवायला का ओ ताई?
नाही, सातू शिजवायला. बिअरसाठी.
म्हशी किती, हे विचारायच्या तयारीतला माणूस
जरा थांबतो,
मग दाराकडं बघून हळूच म्हणतो,
झाकणाला वाफेची वाट ठेवतो मग.

तीन महिने चाललीय ही निवड.
गॅसवर करावं, तर सिलिंडर भाकरीलाच पुरत नाही,
आणि स्वयंपाकघराला खिडकी एकच,
तीही शेजारच्या भिंतीकडं तोंड करून.
परदेशी यंत्र देखणं,
भिजवणं, उकळणं, निववणं एकाच नळकांड्यात.
किंमत बघितली आणि माझी स्कूटर आठवली.
तीन पातेल्यांचा संच मांडायचा, तर
हॉलमधला दिवाण बाहेर काढावा लागेल
आणि दिवाणावर आप्पा झोपतात.

आप्पा गुळव्या.
वडणग्याच्या गुऱ्हाळावर चाळीस हंगाम
काहिलीतल्या बुडबुड्याचा आकार बघून
जाळ मागं ओढायला लावणारे.
थर्मामीटर त्यांनी तापातसुद्धा काखेत धरला नाही.
मी शिरोलीला, फौंड्रीच्या लॅबमध्ये.
तिथं लोखंड विजेवर वितळतं.
आकडा ठरल्या जागी आला की नमुना घेते,
कार्बन किती, सिलिकॉन किती, चिठ्ठी लिहिते.
त्यामुळं जाळ कशाला म्हणायचं
यावर आमच्या घरात दोन मतं.

भूपाल चौगुले मीटरची पेटी उघडतो
आणि च् करतो.
या वायरवर? गिझर चालतोय हेच नशीब.
मंजूर भार तीन, तुमची नुसती कॉइल साडेतीन.
अर्ज करा, वेगळी लाईन ओढा, अर्थिंग नवं घाला,
आणि गळती झाली की झटक्यात पडणारा स्विच.
ओल्या हातानं करणार म्हणताय.
मी विचारते, दोन हजारच्या कॉइलवर भागणार नाही?
भागंल की. उकळीची वाट बघत बसा दुपारभर.
परवान्याचं तो काही बोलला नाही.
वकिलाला विचारायचं माझ्या यादीत आहे,
खालच्या अंगाला.

शेवटी कागदावर एवढं उरलं:
एकच पातेलं, आत धान्याला जाळीची टोपली,
ती उचलायला माळ्याच्या हुकाला कप्पी,
एक छोटा पंप,
आणि कॉइल लांब, दुमडलेली, मंद अंगाची,
म्हणजे गोडवा करपणार नाही.
हे शेवटचं मी आप्पांना मोठ्यानं वाचून दाखवलं.
ढवळायला माणूस नको?
नको, पंप आहे.
मग माणूस काय करतोय?
निवड करतोय, म्हणाले मी.
ते हसले नाहीत.

रविवारी नुसत्या पाण्यावर चाचणी.
धूर नाही, राख नाही, आवाजसुद्धा नाही.
छोट्या चौकटीत लाल आकडे,
सव्वीस. एकतीस. चाळीस.
आप्पा खुर्ची ओढून बसले, आकड्यांकडं पाठ करून,
एक कान पातेल्याच्या पोटाकडं.
पाऊण तासानं आकडा अठ्ठ्याण्णववर अडला
आणि हलेना.
मी सेन्सर हलवला, वायर बघितली,
मुनीरला शिव्या घालायला फोन हातात घेतला.
आलं की गं, आप्पा म्हणाले.
शंभर कुठं झालेत अजून?
खळखळ ऐकू येईना व्हय तुला?

आणि मग मला शाळेतला तो धडा आठवला,
समुद्रसपाटी, हवेचा दाब.
इतकी वर्षं पंधराशेच्या गप्पा मारणारी मी
आपल्याच गावच्या पाण्याची उकळी
पहिल्यांदा मोजत होते.
वहीत लिहिलं: कोल्हापूर, अठ्ठ्याण्णव.
शाई वाळायच्या आत
छताला जमलेल्या वाफेचा एक जाड थेंब
बरोब्बर त्या आकड्यावर पडला.

एक्झॉस्ट पंखा यादीत घ्यायचाच राहिला होता.