साठ दिवस

मोंटानात, कुरणाच्या कडेला
नारिंगी नळीचं भेंडोळं चार वर्षं पडून.
नऊ अर्ज, पाच खाती :
एक नदीचं,
एक नदीखालच्या मातीचं.
लोर्नाचा मुलगा तोवर
वाचनालयाच्या पायरीवर सिग्नल शोधत
बारावी झाला.

आता नियम सैल.
साठ दिवसांत उत्तर नाही, म्हणजे होकार.
कचेरीचं तेच मौन
कालपर्यंत नकार होतं.

सोमवारी खोदयंत्र आलं.
दुपारी ओर्वलनं ते बंद केलं.
खडीत टिटवीची चार अंडी,
आणि ती, पंख मोडल्याचं सोंग करत
त्याला लांब नेऊ बघणारी.

अर्ज नाही, शिक्का नाही.
डबा उघडून तो भेंडोळ्यावर बसला.
ट्रकमधल्या वायरलेसवर मुकादम : किती दिवस?

तिला विचारतो, म्हणाला.