फळीवरची धूळ

दलानझादगडच्या बाजारात, कंटेनरमधल्या दुकानात
त्सेवेलमा सुटे भाग विकते.
कोणती गाडी चालते विचारा,
ती फळीवरची धूळ बघून सांगते.

आधी रशियन धुडं होती.
साइडकारमध्ये दोन मेंढ्या, एक सासू, मांडीवर चूल.
बिघडली तरी हातोडीचं ऐकायची.
मग क्लचप्लेटा येईनात.
गोबीत निष्ठा म्हणजे काय,
पुढच्या महिन्यातही वायसर मिळणं.

मग लाल चिनी आली.
सगळे हसले,
आणि सगळ्यांनी घेतली.

आता पोरं केशरीच मागतात, युरोपातली.
खोंगोरच्या वाळूत ओत्गोनचा धाकटा
तिच्यावरून असा उडाला
की सोमभर फोन फिरले.
पडलाही.
पडलेलं कुणी टिपलं नाही.
त्सेवेलमानं केशरीचा एअर फिल्टर मागवलाय.
एकच.

दाराशी तिची हिरवी उभी, नवऱ्यामागे राहिलेली.
टाकीवरचं नाव कधीच खरवडून गेलंय.
सकाळी उणे तीस.
तीन किका, चौथीला एक शिवी,
आणि धूर.

"हिलाच का ठेवलीस?"

"आधी फक्त त्याच्याच शिवीनं सुरू व्हायची,"
हातमोजे चढवत ती म्हणाली,
"दोन हिवाळे लागले."