तीन मिनिटांचा थांबा

नाशिकरोड, फलाट तीन, पहाटेचे पाच-दहा.
निफाडचा पारा काल पाचावर, आज म्हणे चारावर.
द्राक्षबागांतून रात्रभर शेकोट्या पेटल्या असणार,
धूर इथवर आलाय.
चहावाला कानटोपीतून बघतो,
'साहेब, स्वेटर?'
विसरलो, म्हणतो मी.
सातपूरच्या आमच्या गल्लीत सगळे तेच म्हणतात,
तुला रे कसली थंडी, तू तर तिकडून आलास.
आता त्यांना काय सांगू, की तिकडे
थंडी दाराबाहेर असते, दाराला जाड रबर असतं,
आत आम्ही बनियनवर रमी खेळायचो.
थंडी मला इथे वाजते. आल्यापासून.

थपलियाल, तुझी गाडी वीस मिनिटं लेट आहे.

पायाशी पोतं आहे. दहा किलो, लाल, नवा माल.
आठवतं तुला, मे सरताना
भांडाराच्या तळाशी निघालेलं पोतं,
त्यावर पुसट निळ्या शाईत 'लासलगाव',
आणि मी, डिझेलने बरबटलेला,
त्या पाच अक्षरांवरून हात फिरवत उभा?
तू काही बोलला नाहीस.
रात्री बुक्कीने फोडलेला कांदा वाढलास,
स्टेशनप्रमुखाच्याही आधी मला.
शेवटी एकच उरला, त्याला कोंब आला,
तो चिरायला कुणी तयार होईना.
दोन नंबरच्या जनरेटरशेजारी, स्टीलच्या मगात,
ट्यूबलाइटकडे मान वळवून तो वाढत गेला.
सूर्य जाऊन तेव्हा एकोणचाळीस दिवस झाले होते.
डॉक्टर लिंगडोह रोज पट्टी घेऊन यायचे
आणि माझ्या नोंदवहीत, तेलाच्या दाबाखाली, लिहायचे
कांदा, सव्वाअकरा सेंटिमीटर.

निघताना मागे काही ठेवायचं नाही.
राख नाही, खिळा नाही, सांडलेल्या तेलाचा डागसुद्धा
खरडून, पिंपात भरून, जहाजावर.
कांदा भट्टीत गेला. बटण मीच दाबलं.

मग एका दुपारी हवा उघडली,
पहिल्या खेपेत तू, वीस मिनिटांत, म्हणाले.
मी स्वयंपाकघरात धावलो.
तुझे दोन्ही हात कणकेत. तू कोपर पुढे केलंस.
मी ते धरून हलवलं, बादलीच्या कडीसारखं.
बाहेर हेलिकॉप्टरची पाती फिरायला लागली होती
आणि तू दारातून काहीतरी ओरडलास.

चौदा महिन्यांत तुझं न ऐकलेलं ते एकच वाक्य.

दहा महिने मी त्या जागी वाक्यं बसवून बघतोय,
अंबडच्या कारखान्यात, लेथ चालू असताना.
मफलर राहिला. चिठ्ठी टाक.
दोन नंबरवर भरवसा नको ठेवू, हे मात्र तू म्हणणार नाहीस.
बायको म्हणते, विचार की फोनवर.
फोनवर विचारायची गोष्ट आहे का ती?

गाडी आली. तुझा डबा पार पुढे गेला,
पोतं छातीशी धरून मी पळालो.
दारात एक दाढी काढलेला, बारीक माणूस.
तू आहेस हे कळायलाच अर्धं मिनिट गेलं.
माझे दोन्ही हात पोत्याखाली. मी कोपर पुढे केलं.
तू हसलास, ते हसणं मात्र जुनंच.
'प्याज?'
'प्याज.'
पोतं आत गेलं, तुझा तुपाचा डबा बाहेर आला,
त्याच्या झाकणाला चिकटपट्टी तशीच, चार वेढ्यांची.
घरी सगळे बरे? बरे. गुडघा? तसाच.
सिग्नल पडला होता.
मी विचारलं, त्या दिवशी काय ओरडलास?
तू कपाळाला आठ्या घातल्यास.
'कब?'

गाडी हलली.
तू दांडीला धरून वाकलास, पुन्हा काही म्हणालास,
आणि नेमकी तेव्हाच मागची पॉवर कार
धडधडत माझ्यासमोरून गेली.
ती मला स्वच्छ ऐकू आली.
चहाच्या ठेल्यावरून कागद मागून घेतला,
सवयीने लिहिलं,
पाच-छत्तीस. एक सिलिंडर चुकतोय. बाकी ठीक.