ओठांवरची नावं

इंजिनघरात अकरा वर्षं काढली की
माणूस कानांनी ऐकणं सोडून देतो.
कोण काय म्हणतंय ते ओठांवरून कळतं,
आधी शिव्या, मग बाकीचं.

नंतर बोट माझी झाली. नंतर नाही राहिली.
आता क्लाक्सविकच्या मासळी कारखान्यात बर्फाचे खोके ओढतो,
आणि पट्ट्याच्या पलीकडे, बरोबर समोर,
मार्यून उभी असते पांढऱ्या टोपीत, कॉड सोलत.
यंत्रांचा गोंगाट. सगळ्यांच्या कानांवर प्लॅस्टिकच्या वाट्या.
तिला वाटतं, कुणाला ऐकू जात नाही.

ती वचनं म्हणते.
रविवारच्या शाळेत इथे सगळ्यांनीच घोकलेली,
पण जशीच्या तशी नाही.
'माझा' असेल तिथे ती 'तूरीचा' म्हणते.
मेंढपाळ तूरीचा आहे, तूरीला काही उणं पडणार नाही.
तूरीच्या खुब्याचं ऑपरेशन मंगळवारी.
डोंगरांकडे डोळे लावतो तो रोई,
गणितात दोनदा नापास झालेला.
येन्स-पॉलीचं नाव कुठल्याच वचनात मावत नाही,
त्याच्यासाठी ती मध्येच एकदा श्वास घेते.
सुन्वाच्या डोक्यावरचा केस न् केस मोजलेला आहे,
इथे एकदा ती अडखळली,
कारण सुन्वाला आता केस नाहीत.
मग तेच पुन्हा म्हणाली, मुद्दाम,
सुरी जरा जोरात चालवत.

पाण्यातून जाशील तेव्हा मी बरोबर असेन,
हे एक मात्र ती म्हणत नाही.
तिथवर आली की ओठ मिटतात.
मला माहीत आहे का ते.
तिचा ब्रॅन्दुर माझ्या बोटीवर होता.
वारा वायव्येला फिरला होता आणि मी म्हणालो,
अजून एकदा जाळं टाकू.
एवढंच म्हणालो.
चौकशीत मला निर्दोष ठरवलं. कागद आहे माझ्याकडे,
स्वयंपाकघरातल्या खणात, जुन्या सेलांखाली.

तीन हिवाळे झाले.
दुकानात समोर आली की मान हलवते,
गावात कुणीही कुणालाही हलवतं तेवढीच.
तिच्या ओठांवरून सगळं गाव गेलं,
पाद्रीबाबांचा लंगडा कुत्रासुद्धा एकदा.
मी नाही.
मी काही वाट बघत नव्हतो.
बघत होतो.

परवा सकाळी साडेसहाला, बाहेर अजून रात्रच,
तिच्या ओठांनी माझं नाव घेतलं.
चूक व्हायची शक्यता नाही:
'हा'ला तोंड उघडतं, 'नु'ला ओठ पुढे येतात.
चेहरा तसाच. मायाबिया काही नाही.
घशात रुतलेला काटा दोन बोटांनी ओढून काढावा,
तसं काढलं तिने ते.

वचन झोपेचं होतं.
आपल्या प्रिय माणसाला तो झोप देतो, असं आहे ते.
ती म्हणाली, हानुसला तो झोप देतो.
'प्रिय' गाळलं.

मी खोका तसाच धरून उभा राहिलो, बोटं बधिर होईपर्यंत.
गाळलं ते बरं केलं तिने.
तो शब्द असता तर माझा विश्वास बसला नसता.

तिच्या न्हाणीघरातून माझी खिडकी दिसते.
म्हणजे तिने पाहिलंय.
रात्री तीनला जळणारा दिवा, तीन हिवाळे.
म्हणजे तीही जागीच.

काल काही झोप आली नाही.
पण अकराला दिवा घालवला
आणि उघड्या डोळ्यांनी अंधारात पडून राहिलो,
वचन खोटं पडलेलं तिला दिसू नये म्हणून.
मार्यूनचं नाव कशात बसतं ते शोधत होतो.
इतकी घोकलेली, सगळी गेली.
आठवत होतं ते एकच,
पाण्याचं.