एक ओळ जास्त

रात्री साडेअकराला पलासियाच्या मशीनला विचारलं,
किती मागे आहेस?
आकडा आला नाही. जागा रिकामी.
म्हणजे मागेसुद्धा नाही,
थांबलेलाच.

ऐकणारा धागा: चालू.
लिहिणारा धागा: बंद.
राजवाड्याकडचा मुख्य सर्व्हर बोलतोय, हा ऐकतोय,
चार जीबी नुसतं ऐकून ठेवलंय
आणि वहीत एक अक्षर उतरवलं नाही
अकरा दिवस.
पतसंस्थेत कुणालाच कळलं नाही.
मलाही. मी हिरवा दिवा बघून रोज घरी जात होते.

सकाळी काउंटरवर सुगनबाई प्रजापत आल्या होत्या.
पावती साडेतेराशेची, शिक्का निळा, खरा.
बुळ्यांनी नंबर टाकला, वीस हजार चारशे अठरा,
पडद्यावर निघालं बाळ:
अद्वैत गर्गे, वय दोन महिने, पालक आई.
सुगनबाई म्हणाल्या, "भैया, मैं तुमको दो महीने की दिखती हूँ?"

रंगपंचमीच्या आदल्या दिवशी
गेरसाठी बल्ल्या ठोकताना कुणीतरी आमची केबल तोडली.
दोन तास पलासियाने गादी सांभाळली.
दोन तासांत खातं उघडलं एकच.
केबल जुळली, गादी परत गेली,
ती ओळ इथेच राहिली.
सुट्टीनंतर मुख्याने तोच नंबर बाळाला दिला
आणि इकडे कळवला.
इकडे जागेवर बाई बसलेल्या.

पुण्याचा सपोर्टवाला म्हणाला, "उडवा ना मॅडम,
एक ओळ तर आहे."
थांबा, म्हटलं, पाहून राहिलेय.
तो हसला.
पाहून राहिलेय, याला तिकडचे हसतातच.
आमचीही केबल केव्हातरी तुटली असणार, साहेब,
आणि मधल्या वेळात इथे काही खाती उघडली गेली.
हे मी बोलले नाही. फोनचं बिल संस्थेचं.

आधी कागदावर उतरवलं:
नाव, नवऱ्याचं नाव, वारस मुलगी,
अंगठा नाही, सही. वाकडी, पण सही.
मग मुख्यावर नव्याने खातं उघडलं,
जुन्या तारखेने, नव्या नंबराने.
मग इकडची ओळ पुसली.
एंटर दाबायला मला वेळ लागला,
तेवढा कमांडला लागला नाही.

लिहिणारा धागा: चालू.
नऊ लाख पन्नास हजार सेकंद मागे.
मग आठ लाख.
मग चहा आणला तोवर पावणेदोन.
बाळ आलं, बसलं आपल्या जागेवर.
बाळामागून अकरा दिवसांचे हप्ते,
कुणाचं सोनं तारण, कुणाची ठेव मोडलेली,
सगळे भराभर, वाट पाहून कंटाळल्यासारखे.

तीनला शून्य.
सगळ्यांत शेवटी सुगनबाई आल्या,
ज्या मशीनने त्यांना आधी लिहिलं होतं
त्याने त्यांना आता मुख्याकडून ऐकून लिहिलं.
दोन्ही वह्या सारख्या. कुठे खाडाखोड नाही.

उद्या त्यांना नवा नंबर सांगायचाय.
जुना त्यांना पाठ झालाय.